धरणाच्या काठी बसून पनीर!

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या धाकट्या नणंदबाई चार वर्षांनी माहेरी आल्या. त्या राहतात इंग्लंडात, केंट परगण्यात, समुद्रकाठच्या एका लहानशा गावी. बरोबर अकरा वर्षांचा मुलगा. आल्याआल्याच त्यांनी सांगून टाकलं, "वहिनी, या खेपेला लग्नकार्य नाही, खरेदी नाही. इटियाडोहच्या काठावर निवांत बसायचं आणि आपल्याकडचं जेवायचं, एवढंच ठरवून आलेय."

आम्ही राहतो अर्जुनी मोरगावला. मी इथल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेल्या वेळात घर सांभाळते. खरं म्हणजे घर सांभाळून उरलेल्या वेळात शिकवते! इटियाडोह आम्हांला नवं नाही. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० साली पुरं झालं. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतली धानाची शेतं त्याच्या पाण्यावर भिजतात. चहूबाजूंनी डोंगर, जंगल आणि मध्ये पसरलेलं निळं पाणी. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागलं की ते पाहायला लांबून माणसं येतात. हिवाळ्यात गर्दी नसते, ऊन कोवळं असतं. पाहुण्यांना न्यायला याहून चांगली जागा कुठली?

रविवारी आम्ही निघालो. जेवणाची सोय मी आधीच ठरवून ठेवली होती. रस्त्यावर एक बऱ्यापैकी हॉटेल आहे. टेबलांवर काचा, भिंतींना रंग, हात धुवायला स्वच्छ बेसिन. आपल्या भागातही अशी हॉटेलं झाली आहेत हे विलायतेच्या पाहुण्यांना दाखवावं, असं माझ्या मनात होतं.

टेबलाशी बसलो. पोरगा आला आणि त्याने एका दमात म्हणून दाखवलं, "पनीर बटर मसाला, पनीर टिक्का, शेव-टमाटर, चिली चिकन, हक्का नूडल्स, तंदुरी रोटी."

नणंदबाई म्हणाल्या, "बाळा, धरणातली मासोळी आहे का रे?"

"नाही ताई. मच्छी नाही ठेवत आम्ही. फॅमिलीवाले लोक येतात ना."

"बरं, मग साधा भात तरी?"

"जीरा राईस आहे. बासमती."

नणंदबाई माझ्याकडे बघून हसल्या. भाताच्या जिल्ह्यात बसून बाहेरून आलेला बासमती! आम्ही पनीर मागवलं आणि ते वाईट नव्हतंच. असंच पनीर पुण्याला मिळतं, नागपूरला मिळतं आणि नणंदबाई म्हणाल्या त्याप्रमाणे लंडनलाही मिळतं.

जेवून आम्ही पाण्याच्या काठाशी गेलो. एक ढीवरदादा जाळं आवरत होता. टोपलीत चांदीसारख्या मासोळ्या उसळत होत्या. भाचा कितीतरी वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "मामी, हे मासे जातात कुठे?"

दादानेच उत्तर दिलं, "नागपूरले जाते बाबू. गाडी येते."

मुलाचा प्रश्न साधाच होता. पण मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्यातलं अर्धं उत्तर मला ठाऊक होतं, आणि त्यात माझंही नाव होतं.

माझीच चोरी

तुम्हांला खरं सांगते. त्याच दिवशी सकाळी सासूबाईंनी लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली होती. आमच्याकडे धान कापणीला येण्याच्या सुमारास ओल्या बांध्यांतच लाखोळी टाकतात. डिसेंबरात सगळं शिवार तिने हिरवंगार होतं. भाजी चुलीवरची, लसणाची फोडणी दिलेली. आणि मी काय केलं? पाहुण्यांच्या नाश्त्याला ब्रेड-बटर आणि पोहे मांडले. ती भाजी झाकण घालून मागे सरकवली.

माझं माहेर वर्ध्याचं. ज्वारीच्या मुलखातून मी भाताच्या मुलखात आले. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई तळ्यातल्या बारक्या मासोळ्या, वाळवलेले वास्ते, तरोट्याची भाजी करत. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, बरं का. मला वाटे, हे गरिबाघरचं खाणं, हे बाहेरच्यांना कसं दाखवायचं? दोन-तीन वर्षांत मला त्याची गोडी लागली, पण लाज काही गेली नाही. पाहुणे आले की पनीर, पुलाव, फार तर छोले. सासूबाई हळूहळू स्वयंपाकघरातून बाजूला झाल्या. "तुमचं नवीन मला जमत नाही, पोरी," असं म्हणून अंगणात जाऊन बसू लागल्या. मला वाटलं होतं, त्यांना विश्रांती मिळाली!

हॉटेलातल्या पोराला मी काय म्हणून नावं ठेवू? त्याच्या यादीत आपली मासोळी नाही, तशी माझ्याही टेबलावर नव्हती.

केंटच्या किनाऱ्यावरची खानावळ

दुसऱ्या दिवशी अंगणात शेंगा सोलत बसलो असताना नणंदबाईंनी त्यांच्याकडची हकिकत सांगितली. ती मला फार उपयोगी पडली, म्हणून तुम्हांलाही सांगते.

इंग्रजांच्या जेवणाची एके काळी जगभर टिंगल होई. उकडलेला बटाटा आणि उकडलेला कोबी, बस्स! त्याला कारणही होतं. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली तिथे अन्नाचं रेशनिंग सुरू झालं ते १९५४ साली संपलं. चौदा वर्षं म्हणजे मुली लहानाच्या मोठ्या होतात. आईच्या हातचं शिकायचं तर आईकडे जिन्नसच नव्हते. रेशन उठल्यावरही मोठ्या हॉटेलांना आपल्या जेवणाची लाजच वाटे. पदार्थ फ्रेंच, त्यांची नावंही फ्रेंच. आपल्याकडे 'शेव-टमाटर'च्या शेजारी 'व्हेज हैदराबादी' लिहितात, तसंच म्हणा ना!

मग काही मंडळींना वाटलं, आपल्या समुद्रात मासा आहे, कुरणात मेंढी आहे, मग उसनं कशाला? रिक स्टाइन यांनी १९७५ साली कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पॅडस्टो या गावी आपलं माशांचं हॉटेल सुरू केलं. १९९४ साली फर्गस हेंडरसन यांनी लंडनमध्ये 'सेंट जॉन' काढलं. तिथे जनावराचा एकही भाग टाकायचा नाही, डोकं-काळीज-नळी सगळं शिजवायचं, असा नियम. आपल्या आज्या तेच तर करत आल्या! या नव्या चालीच्या खानावळींना तिकडे 'मॉडर्न ब्रिटिश' म्हणू लागले. नाव आधुनिक, पण पाया मात्र आपल्याच मातीचा.

नणंदबाईंच्या घरापासून जवळच सीसॉल्टर नावाचं खेडं आहे. शेजारी व्हिटस्टेबल, शिंपल्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. सीसॉल्टरला समुद्राकाठच्या दलदलीच्या कडेला 'द स्पोर्ट्समन' नावाचा एक साधा पब आहे. १९९९ साली स्टीफन हॅरिस यांनी तो चालवायला घेतला. स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. पण त्यांनी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या समुद्राचं पाणी आटवून मीठ काढलं. खाऱ्या कुरणात चरलेल्या मेंढीचं मांस घेतलं. पाव घरचा, लोणी घरचं, मासा त्याच किनाऱ्याचा. २००८ साली या पबला मिशेलिनचा तारा मिळाला. हॉटेलांच्या जगात तो मोठा मान समजतात. लांबलांबून माणसं त्या आडबाजूच्या दलदलीत जेवायला येऊ लागली.

"पण वहिनी, तिथलं जेवण महाग असतं," नणंदबाई म्हणाल्या. "आम्ही वर्षाकाठी एखाद्या वेळी जातो. मला आवडतं ते वेगळंच. त्या खिडकीतून जे दिसतं, तेच ताटात येतं."

मला आदल्या दिवशीची आमची खिडकी आठवली. बाहेर धरण आणि ताटात पनीर!

आमच्या टापूत काय कमी आहे?

मग आम्ही दोघी मोजायलाच बसलो. सासूबाई मध्येमध्ये भर घालत होत्या.

पहिलं पाणी. हा सगळा तळ्यांचा मुलूख. कोहळी समाजाच्या जुन्या जाणत्यांनी डोंगरउतारांवर बांध घालून शेकडो तळी केली. नवेगावबांधचा मोठा जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावला बरीच वर्षं राहिले. इथले पक्षी, मासे आणि माणसं त्यांनी मराठी वाचकांच्या घरात पोचवली. २०२५ साली ते गेले, पण हिवाळ्यात नवेगावला पाहुणे पक्षी उतरले की त्यांची आठवण निघतेच.

तळी आहेत म्हणून मासोळी आहे, शिंगाडे आहेत, कमळाचे कंद आहेत, काठावर आपसूक उगवणारं देवधान आहे. ढीवर समाजाने हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या राखलं. मध्यंतरी तळ्यांची फार आबाळ झाली. मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. रोहू-कटल्याचं बीज सोडू लागल्यावर जुन्या देशी मासोळ्या मागे पडल्या. पण आमच्या तालुक्यात मनीष राजनकर आणि ढीवर समाजातल्या बायाबापड्यांनी मिळून चांगलं काम उभं केलं. बेशरम उपटून काढली आणि मासोळ्यांना अन्न व आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती तळ्यांत पुन्हा लावल्या. चिखलात कंबरभर उतरून हे काम बायकांनी केलं आहे, मैत्रिणींनो! त्यांच्या मेहनतीची मासोळी आपल्याच गावच्या टेबलावर नसावी, हे काही बरं नव्हे.

दुसरा भात. चिन्नोरचा वास शिजताना शेजारच्या घरी जातो. भंडाऱ्याच्या चिन्नोराला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

तिसरं रानातलं आणि परड्यातलं. कोचईच्या पानांच्या वड्या, म्हणजे तुमच्याकडच्या अळूवड्या. पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या. आंबाडी, तरोटा, वास्ते, मोहाची फुलं.

लाखोळीबद्दल मात्र एक सूचना. ही डाळ रोज आणि तीच एक खाल्ली तर पायांना लुळेपणा येऊ शकतो, म्हणून १९६१ पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी होती. महाराष्ट्राने पुढे ती उठवली. तरीही डाळ गरम पाण्यात भिजवून, उकळून, वरचं पाणी टाकून द्यावं आणि दुसऱ्या डाळींच्या जोडीने कधीमधी खावी. आमच्या सासूबाई असंच करतात. "जुन्या बायांले सारं ठाऊक होतं," असं वर ऐकवतातही!

ज्यांचं गाव सुटलं, त्यांची चूल

त्या आठवड्यात आम्ही आणखी दोन ठिकाणी जेवलो, आणि दोन्हीकडे माझे डोळे उघडले.

इटियाडोहच्या परिसरात तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली. त्यांतल्या काहींना १९७२ साली या रानात जागा मिळाली. हिमालयाच्या थंडीतून आलेली माणसं आणि आमचा मे महिन्यातला विदर्भ! किती सोसलं असेल त्यांनी. हिवाळ्यात तिथले तरुण शहरोशहरी स्वेटर विकायला जातात, तेव्हा वसाहतीत मुख्यत्वे म्हातारी माणसं भेटतात. एका आजींनी आम्हांला घरात बोलावलं. थुक्पा दिला, म्हणजे शेवया, भाजी आणि मांसाचं कढत सार. बरोबर टिंगमो, म्हणजे वाफेवर फुगवलेला मऊ पाव. वर लोणी-मीठ घातलेला चहा. भाच्याने तोंड वाकडं केलं, तशा आजी खळखळून हसल्या. "गोड चहा पण आहे, पण आधी आमचा घे," म्हणाल्या.

आधी आमचा घे! मला हे वाक्य कधी जमलं नव्हतं.

आमच्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेली ही कुटुंबं. शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीचं घर तिथे आहे. तिच्या आईने मोहरी वाटून लावलेला मासा आणि भात वाढला. तळं आमचंच, मासा आमचाच, तांदूळही आमचा. चव मात्र त्यांच्या गावची. मी विचारलं, "काकू, इथल्या हवेत तुम्ही तुमचं जेवण बदललं नाही?" त्या म्हणाल्या, "घर गेलं, शेत गेलं. जिभेवरचं कोण काढून घेणार?"

परत येताना मी गाडीत गप्प होते. ज्यांचं गाव सुटलं त्यांनी चूल सोडली नाही. आमचं गाव कधी सुटलंच नाही, आणि चूल मात्र आम्ही आपण होऊन सोडली.

सासूबाईंचा रस्सा

नणंदबाई जायच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "उद्याचा स्वयंपाक तुमचा. मी हाताखाली." क्षणभर त्यांना खरं वाटेना. मार्गशीर्षातला गुरुवार नव्हता, तेव्हा मासोळीला हरकत नव्हती. कृती लिहून घेतली ती अशी:

मरळ किंवा रोहू एक किलो, मोठे तुकडे करून मीठ आणि तांदळाच्या पिठाने चोळून दोनदा धुवावेत. हळद-मीठ लावून ठेवावेत. दोन कांदे आणि लसणाचा एक गड्डा निखाऱ्यावर, नसेल तर गॅसच्या जाळीवर, खरपूस भाजावा. दोन चमचे धणे, सहा-सात सुक्या मिरच्या आणि दोन चमचे जवस कोरडे भाजावेत. सगळं एकत्र बारीक वाटावं. कढईत तेल तापवून वाटण तेल सुटेपर्यंत परतावं. घाई केली तर रस्सा कच्चट लागतो. मग गरम पाणी, मीठ आणि वाळवलेल्या कैरीच्या चार-पाच फोडी. उकळी फुटली की तुकडे सोडावेत आणि दहा-बारा मिनिटं मंद आचेवर ठेवावेत. पळी फिरवू नये, कढई धरून हलवावी. खाली उतरवून अर्धा तास तसंच ठेवावं. लगेच वाढलेल्या रश्श्यापेक्षा मुरलेला रस्सा नेहमीच सरस.

पळसाच्या पानांवर चिन्नोरचा भात, हा रस्सा, कोचईच्या वड्या आणि ती लाखोळीची भाजी. सगळे दोनदा भात मागून घेऊन जेवले. भाचाही जेवला. काटे काढायला आजीने त्याला शेजारी घेतलं होतं. सासूबाई शेवटी जेवायला बसल्या तेव्हा रस्सा तळाशी थोडासाच उरला होता. एवढ्या खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

एका पाटीची गोष्ट

नणंदबाई गेल्या. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण ढीवर समाजातली आहे. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची टपरी आहे. चहा, पोहे, आलुबोंडा. नवरा मासोळी धरतो, ही बाजारात नेऊन विकते. मी तिला म्हटलं, "रविवारी मासोळीचा रस्सा-भात ठेवून बघ ना."

ती म्हणाली, "बाई, घरी तर रोजच करते मी. पण पैसे देऊन कोण खाईल आमचं?"

'आमचं कोण खाईल!' बघा, लाज कुठवर झिरपली आहे ती.

शेवटी ती तयार झाली. पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फिश करी राईस'. माझ्या वर्गातली दोन मुलं सायकलवरून चालली होती. थांबून वाचायला लागली. एकाने विचारलं, "बाई, हे काय असते?" मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मंग तसंच लिवा ना!" मराठीच्या बाईंना मुलाने शिकवलं! मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'तळ्यातल्या मासोळीचा रस्सा आणि भात'.

पहिल्या रविवारी सात ताटं गेली. एका कुटुंबाने काटे फार म्हणून ताट तसंच ठेवलं. मैत्रीण हिरमुसली. पुढच्या खेपेपासून मुलांसाठी मरळ ठेवायला लागलो, कारण तिच्यात बारीक काटे कमी. तिसऱ्या रविवारी पावसाची भुरभुर होती. चारच ताटं गेली आणि उरलेलं आम्ही घरी वाटून घेतलं. नफा-तोट्याचा हिशेब वहीत आहे. काही रविवारी नफा होतो, काही रविवारी पदरमोड. डोंगर उपसला असं काही नाही. पण बाजारात टोपली विकून मिळतं त्यापेक्षा शिजवून वाढलेल्या मासोळीचे पैसे तिला जास्त पडतात, एवढं वहीवरून दिसतं.

तुमच्या गावात करायचं तर

तुमच्या गावात तळं नसेल, पण काहीतरी असेलच. कुठे हुरडा, कुठे खांडोळी, कुठे नाचणी. आमच्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

एकच पदार्थ ठेवा. यादी वाढवली की शिळं उरतं आणि चव बिघडते. संपलं की 'संपलं' म्हणा, त्याने पत वाढते.

मासोळी पारखून घ्या. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लालभडक, बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडाला मासोळ्या अंड्यांवर असतात, तेव्हा घेऊ नका. आज अंडी खाल्ली तर उद्याचं तळं रिकामं.

स्वच्छतेत हयगय नको. पिण्याचं पाणी उकळून झाकलेलं, हात धुवायला साबण, केस बांधलेले. पळसाच्या पत्रावळी वापरल्या तर ताटं विसळायचा प्रश्न नाही, आणि पत्रावळी लावणाऱ्या बाईलाही चार पैसे मिळतात. लहान टपरीलाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

आणि पदार्थाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा.

गेल्या महिन्यात मी सासूबाईंना टपरीवर घेऊन गेले. बाहेर पैसे देऊन जेवायला त्या आयुष्यात पहिल्यांदाच बसल्या. बाकावर पाय वर घेऊन बसल्या, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मैत्रीण पदराशी चाळा करत उभी होती.

"मीठ जरासं कमी हाय," सासूबाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पर मुरू दिला हाय तिनं. घाई नाही केली."

मैत्रिणीने हुश्श केलं. मी त्या पाटीचा आणि सासूबाईंचा फोटो काढून नणंदबाईंना पाठवला. भाच्यालाही निरोप दिला. "मासे कुठे जातात म्हणून विचारलं होतंस ना? अजून गाडी नागपूरला जातेच. पण रविवारच्या दिवशी थोडे इथेच थांबतात."